फुटलं कुणीच नाही!

२०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राला एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी मिळाले, तेव्हाच कुणीतरी पोलिसांत वर्दी द्यायला हवी होती. एक फुलगावला, सिकंदर शेख. दुसरा धाराशिवला, शिवराज राक्षे. दोघेही अस्सल पैलवान, त्यांच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलायचं नाही. भानगड वरच्या मजल्यावर होती. कुस्तीगीर परिषदच दोन तुकड्यांत वाटली गेली होती आणि दोन्ही तुकडे छाती ठोकून सांगत होते की मूळ परिषद ती आमचीच. मारुतीरायासमोर लंगोट कसणाऱ्यांच्या क्षेत्रातही गट निघावेत! शिव शिव! आता उरलं काय?

आमच्या बुटीबोरीला फाट्यांचं नवल नाही. नागपूरहून आलेला रस्ता इथे फुटतो, एक वर्ध्याला जातो, दुसरा जाम-हिंगणघाट करत हैदराबादला. रेल्वेचा उमरेडचा फाटाही इथूनच सुटतो. पण फुटलेल्या रस्त्यानं दुसऱ्याला गद्दार म्हटल्याचं आजवर ऐकिवात नाही. माणसांचं मात्र विचारू नका. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता गप्पा रंगतात. पूर्वी तिथे प्रश्न असायचा, ‘भाऊ, कोणत्या पक्षाचे?’ पक्ष सांगितला की विषय संपायचा. आता पक्ष सांगितला की पुढचा सवाल येतोच, ‘त्यातल्या कोणत्या?’ शिवसेना म्हणाल तर दोन. राष्ट्रवादी म्हणाल तर दोन. रिपब्लिकन म्हणालात तर शेजारचा पोहेवाला हात जोडतो, बाप्पा, तेवढा टाइम नाही, तर्री थंड होते. आणि हे सगळं त्या पक्षाबद्दल, जो ३ ऑक्टोबर १९५७ ला इथून तासाभरावर, खुद्द नागपुरात स्थापन झाला आणि काही वर्षांतच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशा दोन नावांनी ओळखला जाऊ लागला. काय ती नावं! गाडी गॅरेजला सोडल्यासारखी.

खूळ नुसतं राजकारणात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण नव्या वसाहतींमधून गणपती दोन, शिवजयंत्या दोन, एक तारखेची आणि एक तिथीची. दसऱ्याला २०२२ साली मुंबईत मेळावे दोन, एक शिवाजी पार्कला, एक बीकेसीला, आणि दोन्हीकडच्या भाषणांत खरा मेळावा आपलाच. सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा दोन. दुसऱ्याचं नाव असतं ‘ओरिजिनल’. पहिला ग्रुप काढणाऱ्याला त्यातून काढून टाकलेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

यावर शिकलेली मंडळी समजूत घालायला येतात. म्हणतात, अहो, तुम्ही उगाच कानकोंडे होता. इंग्लंड पाहा, अमेरिका पाहा, शहाण्या देशांत राजकारण दोनच पक्षांचं असतं, आपणही त्याच वाटेवर आहोत. ऐकून बरं वाटतं. पण त्या शहाण्यांच्या घरातल्या गोष्टी जरा उकरल्या, आणि बाई गं! आपण बरे म्हणायची वेळ आली.

इंग्लंडमध्ये १६७९ ते १६८१ या काळात जे पेटलं ती शुद्ध भाऊबंदकी. दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नाही, भाऊ जेम्स कॅथलिक, मग गादी त्याला द्यायची की नाही? त्याला वगळा म्हणणारे व्हिग, वगळू नका म्हणणारे टोरी. नावं दोन्ही शिव्यांमधून आलेली, एकमेकांना हासडलेली, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांनी ती मानानं मिरवली. अमेरिकेत त्याहून बहार. तिथल्या राज्यघटनेत पक्षाचं नावही नाही. वॉशिंग्टननं १७९६ मध्ये निरोप घेताना बजावलं, बाबांनो, पक्षबाजीपासून सांभाळा. त्याआधीच, त्याच्याच मंत्रिमंडळात असताना, हॅमिल्टन आणि जेफरसन एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. जेफरसननं तर सरकारवर टीका करणाऱ्या पत्राच्या संपादकाला आपल्याच खात्यात अनुवादकाची नोकरी देऊन ठेवली होती. सरकारी पगारावर सरकारला शिव्या! पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष एका बाजूचा, ॲडम्स, आणि उपाध्यक्ष दुसऱ्या बाजूचा, खुद्द जेफरसन. हे वाचून मराठी माणूस जांभई देईल, असले मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री आपण पुष्कळ पाहिले. पण १८०४ मध्ये त्यांच्या विद्यमान उपाध्यक्षानं, ॲरन बरनं, हॅमिल्टनला द्वंद्वात गोळी घातली आणि तो मेला. तेवढं आपल्याकडे झालेलं नाही.

या सगळ्याला शास्त्रात बसवलं एका फ्रेंच पंडितानं. मॉरिस द्युव्हर्जे, साल १९५१. त्याचं म्हणणं साधं. एका मतदारसंघातून एकच जण निवडून येणार आणि ज्याला जास्त मतं तो जिंकणार असा खेळ असेल, तर तिसऱ्या पक्षाला मतं मिळूनही जागा मिळत नाहीत. हे एकदा लक्षात आलं की दुसऱ्या खेपेला त्याचे मतदारही म्हणतात, मत वाया का घालवू? मग ते दोन मोठ्यांपैकी कमी नावडत्याला देऊन मोकळे होतात. हळूहळू दोघंच उरतात. एवढं सांगायला पुस्तक लिहावं लागलं त्याला. आमच्या ठेल्यावर तेच एका वाक्यात येतं, ‘तो निवडून येत नाही बे, नुसते मतं खाते.’

मग आपल्याकडेही खेळ तोच असताना दोनच पक्ष का नाही उरले? खरी खमंग गोष्ट इथे सुरू होते. मी म्हणते, आपल्याकडेही दोनच उरतात. फक्त ते समोरासमोरच्या दोन वाड्यांत राहत नाहीत, एकाच वाड्यात राहतात. महाराष्ट्रातला प्रत्येक मोठा सामना पाहा. विरोधक परका निघालाय असं क्वचितच घडतं. तो कालपर्यंत पंगतीला मांडीला मांडी लावून बसलेला असतो, आणि भांडण तत्त्वापेक्षा ताटाखालचा पाट कुणाचा यावर असतं.

पहिला मान पुण्याचा. असणारच! सार्वजनिक सभा १८७० ची. १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूनं तिची सूत्रं ताब्यात घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. ज्यांनी सभेला नाव मिळवून दिलं ते नव्या पाटीखाली, आणि जुनी पाटी दुसऱ्यांकडे. ओळखीचं वाटतं ना? निवडणूक आयोग तेव्हा नव्हता म्हणून सुनावण्या झाल्या नाहीत, एवढाच फरक.

आणि मग १९०७. याबद्दल नागपूरकरांनी अजून पुरेसं तोंडसुख घेतलेलं नाही, ही माझी तक्रार आहे. काँग्रेसचं त्या वर्षीचं अधिवेशन नागपूरला व्हायचं ठरलं होतं. होय, आपल्या नागपूरला! पण इथे टिळकपक्षाचा जोर. डॉ. मुंजे यांच्यासारखी मंडळी कंबर कसून उभी. अध्यक्ष कोण यावरून स्वागत समितीच्या बैठकीतच असा गदारोळ झाला की फिरोजशहा मेहतांच्या मवाळ गोटानं ठरवलं, हे गाव नको. अधिवेशन उचललं आणि सुरतेला नेलं. तिथे तरी शांतता? नाव नको. २६ डिसेंबरला रासबिहारी घोषांचं नाव अध्यक्षपदासाठी पुकारताच आरडाओरडा झाला, सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी टिळक बोलायला मंचावर चढले, त्यांना बोलू देईनात, ते खाली उतरेनात, हाताची घडी घालून उभे. आणि तेवढ्यात हवेतून एक जोडा आला. साधासुधा नव्हे, पुढे टोक वळलेला, लाल चामड्याचा मराठी जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांवर आपटला. एका जोड्यात दोन मवाळ! मग खुर्च्या, काठ्या, पागोटी. जोडा नेमका कुणासाठी फेकला होता यावर तेव्हापासून चर्चा आहे. काही म्हणतात मेहतांसाठी, काही म्हणतात टिळकांसाठी आणि नेम चुकला. जोड्याचा मालक पुढे आला नाही. एका पायानं घरी कसा गेला असेल, हा मला पडलेला प्रश्न.

जहाल आणि मवाळ वेगळे झाले ते त्या दिवशी. आणि पाहा, काय योग! छत्रपतींनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेवर स्वारी केली ती तिथली दौलत स्वराज्यात आणायला. नंतरच्या मराठी राजकारणानं सुरत गाठली ती आपलं घर फोडायला. २१ जून २०२२ ला महाराष्ट्र उठला तो या बातमीनं, की शिवसेनेचे आमदार रातोरात सुरतेच्या हॉटेलात! पुढे गुवाहाटी झाली, झाडी झाली, डोंगर झाले. पण पहिला मुक्काम सुरतच. या गावाच्या पाण्यात काय आहे, कुणीतरी तपासून घ्या.

नागपूरनं १९०७ ची उधारी तेरा वर्षांनी वसूल केली. डिसेंबर १९२० चं अधिवेशन इथे झालं, असहकारावर शिक्कामोर्तब झालं, काँग्रेसच्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे आखायचं ठरलं. आणि विरोधात बोलणाऱ्या जिनांना लोकांनी आरडून खाली बसवलं. ते काँग्रेसमधून गेले ते गेलेच. त्यातून पुढे काय झालं, ते खमंग चर्चेत बसणारं नाही.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ एकच पक्ष. त्याचं चिन्ह मात्र बैलजोडी! एकाच जुवाला दोन बैल. नियती चेष्टा करत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. १९६९ मध्ये बैल दोन दिशांना ओढू लागले, जोडी गोठवली गेली, इंदिराबाई गाय-वासरू घेऊन निघाल्या. १९७८ च्या जानेवारीत पुन्हा फूट, आता हाताचा पंजा. विदर्भ त्या पंजाला जो चिकटला! त्या वर्षीच्या विधानसभेत जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन्ही काँग्रेसनी प्रचारात एकमेकींना पोटभर शिव्या दिल्या आणि निकालानंतर गळ्यात गळे घालून सरकार केलं. वसंतदादा मुख्यमंत्री एका काँग्रेसचे, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री दुसऱ्या काँग्रेसचे. राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री, तेही आपल्या भंडाऱ्याकडचे! उपमुख्यमंत्रिपद जन्मालाच आलं ते भांडणाऱ्या भावाला शांत बसवायला, आणि आजतागायत त्याच कामाला लागतं. चार-पाच महिन्यांत शरद पवार बाहेर पडले आणि जुलैत जनता पक्षाला घेऊन पुलोदचं सरकार बनवून अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. सर्वांत मोठा पक्ष ९९ आमदार घेऊन वऱ्हाड्यासारखा बसला होता, आणि नवरदेव दोन्ही वेळा काँग्रेसच्या घरातले.

आता कायद्याचं ऐका, कारण मला वाटतं सगळी मेख तिथे आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली. घटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे पक्ष हा प्राणी घटनेत नीट शिरला तो फुटीच्या बंदोबस्तासाठी. त्यात एक फट होती. तिसरा हिस्सा आमदार एकदम फुटले तर त्यांना माफी. एकट्यानं फुटणं पाप, टोळीनं फुटणं पुण्य. डिसेंबर १९९१, नागपूरचं हिवाळी अधिवेशन, छगन भुजबळांचं बंड. सेनेचे आमदार निवडून आले होते ५२, त्याचा तिसरा हिस्सा अठरा, आणि पत्रावर सह्याही अठराच. हिशेब किती चोख! काही जण लवकरच परतले, ते वेगळं. पण फुटणाऱ्यांना फुटीर म्हणायची तेव्हा सोय होती, त्यांनाही ते मान्य असायचं.

२००३ मध्ये घटना पुन्हा दुरुस्त केली आणि फुटीची ती सवलतच काढून टाकली. दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल तर दोन तृतीयांश लागतील, नुसती फूट चालणार नाही. आता फूट पडायची थांबेल असं भाबड्यांना वाटलं. झालं असं की फुटायचं कुणीच कबूल करेना! २०२२ मध्ये पंचावन्नपैकी चाळीस आमदार गेले, आणि ते म्हणाले, आम्ही गेलोच नाही. आम्ही जागेवरच आहोत, शिवसेना आम्हीच, उरलेले बाजूला झाले. उरलेले म्हणाले, आम्ही तर मातोश्रीतून हललोसुद्धा नाही. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिला, ठाकऱ्यांच्या हाती मशाल. राष्ट्रवादीत २०२३ च्या जुलैत तोच प्रयोग, पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ एकीकडे गेलं आणि दुसऱ्या बाजूला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आणि कळस ऐका. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल वाचला, खरी सेना शिंद्यांची. मग ठाकऱ्यांचे आमदार अपात्र? नाही. शिंद्यांचे? तेही नाही. महिन्याभरानं राष्ट्रवादीचाही तसाच निकाल. कायद्याच्या पुस्तकात पाहाल तर महाराष्ट्रात फुटलं कुणीच नाही. दोन पक्षांचे चार झाले आणि एकही फुटला नाही, हा गणिताचा नवा शोध आपल्या नावावर लागायला हरकत नाही.

मतदाराची तारांबळ निराळी. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला तुतारी शोधता शोधता लोकांची बोटं पिपाणीवर गेली. पिपाणीवाल्या अपक्षाला जेवढी मतं पडली, त्याहून कमी फरकानं तुतारी हरली. बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर, त्याबद्दल मी बोलणार नाही, घरातलं प्रकरण आहे.

आपल्याकडचं पाहा ना! बुटीबोरी लोकसभेला रामटेकमध्ये. त्याच निवडणुकीत शिंदेसेनेनं आपला दोन वेळचा खासदार बाजूला ठेवून राजू पारवे यांना उभं केलं, जे कालपरवापर्यंत उमरेडचे काँग्रेसचे आमदार होते. काँग्रेसनं रश्मी बर्वे यांना उभं केलं, तर त्यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द झालं आणि पती श्यामकुमार उभे राहिले, निवडूनही आले. विधानसभेला आम्ही हिंगण्यात. २००९ मध्ये भाजपचे विजय घोडमारे जिंकले, हरले राष्ट्रवादीचे रमेशचंद्र बंग. २०१४ मध्ये भाजपचं तिकीट समीर मेघेंना. वडील दत्ता मेघे हयातभर काँग्रेस आणि राष्ट्रवादीत काढून त्याच वर्षी भाजपमध्ये आलेले. २०१९ मध्ये मेघेंच्या समोर कोण? तर भाजपचे जुने आमदार घोडमारे, हाती राष्ट्रवादीचं घड्याळ. २०२४ मध्ये पुन्हा बंग, या वेळी तुतारी. तिन्ही वेळा मेघे जिंकले. म्हणजे द्युव्हर्जेसाहेबांना हिंगण्यात आणलं असतं तर ते खूश झाले असते, सामना कायम दोघांतच. फक्त कोण कुठून आलंय हे विचारलं असतं तर त्यांना वर्ध्याची गाडी पकडून दिली असती, सावकाश सांगायला.

खरं सांगू, गाव ग्रामपंचायत होतं तेव्हा बरं होतं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. दोन पॅनेल असायची, एक ‘विकास’, दुसरं ‘परिवर्तन’, आणि पाच वर्षांनी नावांची अदलाबदल. कुणी मूळ असल्याचा दावा करत नव्हतं, नळाला पाणी येतं का एवढंच विचारलं जायचं. नगर परिषद झाली आणि चिन्हं आली. चिन्हं आली म्हणजे गट आलेच.

आणि एवढा दोनाचा सोस करून पदरात काय पडलं? २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला. भाजप १३२, शिंदेसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिकडे ठाकऱ्यांचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांचे १०. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनावर मंत्र्यांचे शपथविधी धडाक्यात झाले, दुसऱ्या दिवशी अधिवेशन भरलं, आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी! संकेत असा, की एक दशांश जागा हव्या, म्हणजे २९. तिघांपैकी एकाकडेही नाहीत. ज्या इंग्लंडकडून आपण हे घेतलं तिथे ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ ही कल्पना १८२६ मध्ये पार्लमेंटात थट्टेनं निघाली आणि पुढे इतकी गंभीर झाली की १९३७ पासून त्या नेत्याला सरकारी पगार चालू झाला. आपण उलट दिशेनं निघालो आहोत, गंभीर गोष्टीची थट्टा करून दाखवली.

यावर ठेल्यावर एका पाळीवाल्यानं तोडगा काढला. म्हणे, सत्तेवरच्या बाकांवर इतके जण आहेत, त्यातलेच निम्मे उचलून समोर बसवा. तसेही ते एकमेकांच्या विरोधातच बोलतात, नवीन काही शिकवावं लागणार नाही. तोडगा सगळ्यांना पटला. मग कुणीतरी विचारलं, समोर बसल्यावर मंत्रिपद सोडावं लागेल का? त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ठेलेवाल्यानं ती संधी साधून मागच्या आठवड्याची खर्र्याची उधारी काढली.